वेगळ्या रंगाचं हँडल

जैबुन माझं नाव. मूळची मी लांज्याची. म्हणजे अगदी लांज्यातली पण नाय, वायच अलीकडं, रस्त्याला लागून आमची वाडी. मुंबई-गोव्याचा रस्ता दारासमोरनं जायचा, एवढ्या गाड्या बघितल्यात मी लहानपणी, पण पहिल्यांदा गाडीत बसले ती लग्नाच्या दिवशी, आन् त्या दिवशी पण दार मी उघडलं नाय, कोणीतरी उघडलं, कोणीतरी बसवलं, कोणीतरी बाहेरनं लावलं. लग्नाआधी मी काजूच्या कारखान्यात जायची. आई पण तिथंच, मावशी पण तिथंच. काजूची बी फोडायची आन् आतला गर अख्खा काढायचा, तुकडा झाला की मुकादम तोंड वाकडं करायचा. काजूचं तेल हाताला लागलं की कातडी जाते, आम्ही राख लावून बसायचो. हे बघा, हा अंगठा बघा, इथं अजून गुळगुळीत हाय. पण माझा गर कधी तुटला नाय हो. सुईच्या टोकानं असा अलगद काढायची की मुकादम म्हणायचा, जैबुनच्या बोटांना डोळे हायत. हे मी मोठेपणा म्हणून नाय सांगत, पुढं त्याचं काम हाय म्हणून सांगते.

लग्न होऊन आले ती इकडं खाडीवर. लांज्याच्या पोरीला मासळीतलं काय कळतंय, पहिल्या वर्षी सासू म्हणायची, हिला बांगडा आन् बोंबील वेगळा करून दाखवा कोणीतरी. शिकले. कोळंबी सोलून वाळवून सोडे करायचे, ते माझ्यासारखे आता ह्या मोहल्ल्यात कोणाचे होत नायत, जाऊन विचारा. आमचे हे, युसूफ, अनीसचे अब्बा, ते कुवेतला व्हते. दोन वर्षांनी यायचे, महिना-दीड महिना राहायचे आन् जायचे. तेव्हा घर मीच चालवलं. सासूला दवाखान्यात मी नेलं, छपराची कौलं मी फिरवून घेतली, अनीसला शाळेत मी घातलं. तेव्हा कोणी नाय म्हटलं की ही बाई आहे, हिला जमायचं नाय. हे लक्षात ठेवा.

मग हे कायमचे परत आले. आले ते गाडी घेऊनच. जुनीच, कोणाच्या तरी दोन हातांतनं आलेली, पण आमच्या मोहल्ल्यात तेव्हा घरची चारचाकी दोघांचीच व्हती, एक वडीलधाऱ्या हाजीसाहेबांची आन् दुसरी आमची. हे तिला रोज पुसायचे. आंब्याच्या दिवसांत मागच्या सीटवर पेट्या भरून रत्नागिरीला जायचे, एरवी लग्नं, दावती, दवाखाना. मी पुढं डाव्या बाजूला. खरं सांगते, मला आवडायचं. खिडकीतनं बाहेर बघायला कोणाला आवडत नाय.

आता हँडलचं सांगते. दाराला आतनं जे हँडल असतं ना, ओढलं की दार उघडतं, ते प्लॅस्टिकचं. गाडी आमची उभी असायची कातळावर, उन्हात, दिवसभर. एके दिवशी रत्नागिरीला बाजारात उतरायला म्हणून मी ओढलं आन् ते तुटून माझ्या हातातच आलं. मी घाबरले, म्हटलं आता हे ओरडतील. ओरडले नायत. हसले. म्हणाले, राहू दे, उद्या बघतो. तुटका तुकडा पुढच्या खणात टाकला, उतरले, फिरून माझ्या बाजूला आले, बाहेरनं दार उघडलं. झालं. उद्या बघतो म्हणाले, आन् मला पण वाटलं, उद्या बघतील.

तो उद्या आला असता हो. पण मधे तो जुम्मा आला. नमाजानंतर मशिदीसमोर गाडी थांबलेली, मला हाजीसाहेबांच्या घरी बायकांना भेटायचं व्हतं, हे फिरून आले आन् माझं दार उघडून उभे राहिले. समोर हाजीसाहेब, आजूबाजूला सगळे पुरुष. हाजीसाहेब म्हणाले, बघा रे, बघा, बायकोला मान कसा द्यावा ते युसूफकडनं शिका, उगी कुवेतला राहिला नाय तो. आन् सगळ्यांनी माना डोलावल्या. मी यांच्या तोंडाकडं बघितलं. आता सांगतील, मला वाटलं, अहो हाजीसाहेब, हँडल तुटलंय. नाय सांगितलं. असे छाती काढून उभे राहिले, एक हात दारावर, एक हात पाठीमागं. मी खाली मान घालून उतरले. त्या दिवसापासनं तां हँडल दुरुस्त व्हायचं नाय हे ठरलं. त्यांनी ठरवलं असं मी म्हणत नाय, त्यांच्या मनानं ठरवलं.

काय सांगू तुम्हाला, पुढं काय काय झालं ते. मोहल्ल्यातल्या बायका माझा हेवा करायला लागल्या. शेजारची रुकय्या, तिच्या नवऱ्याची रिक्षा, रिक्षाला दारच नाय, तरी ती त्याला म्हणायला लागली की जैबुनचा नवरा बघा, तुम्ही नुसता हॉर्न वाजवता. तिचा नवरा बिचारा यांच्यावर खार खाऊन असायचा. लग्नात गेलो की बायका खिडकीतनं बघायच्या, आला, आला, आता फिरून येईल, आता उघडेल. आन् हे पण तसेच, हळूहळू यायचे, एखाद्याला सलाम करत, कोणाशी दोन शब्द बोलत, मी आत. काचा बटणाच्या, किल्ली काढली की बटण मेलं. म्हणून आधी चार बोटं काच खाली ठेवून जायचे, कुत्र्याला ठेवतात तशी. उन्हात बुरख्यात बसून बघा एकदा. बाजारात गेलो तर म्हणायचे, तू बस, मी आलोच. तो आलोच कधी वायच असायचा, कधी माझा सगळा घाम निघून सुकायचा. मी म्हणायची, अहो, तां हँडल तेवढं बघा ना. तर म्हणायचे, तू एकटी कुठं उतरणार आहेस? मी उघडतो की. कधी उघडलं नाय असं झालंय का?

तुम्ही विचाराल, पलीकडनं का नाय उतरायचीस, त्यांच्या बाजूनं. एकदा केलं. मधे गिअरचा दांडा, माझं अंग हे असं, बुरखा अडकला, आन् वरनं बाजारातली चार माणसं बघून हसली. हे पण चिडले, गिअर मोडशील म्हणाले. मग नाय केलं. सवय लागते हो माणसाला. मोडलेली वस्तू फार दिवस मोडलेली राहिली की ती मोडलीय हेच कोणाला दिसत नाय, घराची तशी रीतच होऊन जाते. अनीस पण त्याच गाडीत वाढला. त्याच्यासाठी अम्मीचं दार म्हणजे अब्बांनी उघडायचं दार.

अनीसला कुवेतचा व्हिसा लागला. एकच पोर माझं. मी नको म्हटलं नाय, खोटं कशाला बोलू, इथं काय ठेवलंय त्याच्यासाठी. पण जायच्या आधी मी आठवडाभर सोडे केले. ताजी कोळंबी आणवली, सोलली, कौलांवर कापड टाकून वाळवली, कावळे राखले. तिथं त्यांना खायला नीट मिळत नाय हे मला माहीत, यांच्या पत्रांतनं वाचलंय मी सगळं. सोड्यांची पिशवी मी त्याच्या बॅगेत ठेवली नाय. म्हटलं शेवटी देईन, हातात देईन, दोन गोष्टी सांगेन कशात घालायचे, किती भिजवायचे, तेवढंच पोराच्या तोंडाकडं बघता येईल. पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसले.

रत्नागिरी स्टेशनला पोचलो तेव्हा मुंबईच्या रेल्वेची वेळ झालेलीच. हे उतरले, अनीस उतरला, बॅगा काढल्या. अनीस माझ्या खिडकीशी आला, अम्मी चल, म्हणाला. यांनी त्याच्या खांद्याला धरलं, तू पुढं हो, बेगीन, डबा लांब येतो, मी बॅगा ठेवून अम्मीला आणतो. आन् दोघं गेले. चार बोटं काच. मी बसले. ताई, मी बसलेच की. सवय. आता येतील, आता फिरून येतील. रेल्वे आल्याचा आवाज झाला तरी मी पिशवी धरून बसलेली. मग मी काचेवर हात मारायला लागले. एक रिक्षावाला बघत व्हता, त्याला वाटलं बाई रडतेय, पोर जातंय हिचं, त्यानं हातानं खूण केली, बसा, बसा, शांत व्हा.

मग मी काय केलं असेल? पिशवी दातात धरली. हो, दातात. बुरखा गुडघ्याच्या वर खेचला, गिअरच्या दांड्यावर पाय दिला, मोडला तर मोडू दे म्हटलं, आन् पलीकडं पडले स्टेअरिंगवर. हॉर्न वाजला एवढा मोठ्यानं. दार उघडलं, पळाले. माझ्या वयाची बाई, स्टेशनात पळतेय, चप्पल एक राहिली गाडीत. फलाटावर पोचले तेव्हा रेल्वेचा शेवटचा डबा पुढं जात व्हता. यांचा हात अजून वर, टाटा करायला. माझ्या हातात सोडे. मागं वळून मला बघितलं आन् पहिला शब्द काय काढला असेल? अगो, दार कोणी उघडलं तुझं?

घरी आले. ते सोडे मी शिजवले पण नायत, रुकय्याला दिले.

दोन दिवसांनी अनीसचा फोन आला. पोचलो, खोली बरी हाय, चार पोरं हायत, एसी हाय. मग म्हणाला, अम्मी, तू नाराज हायस का माझ्यावर, मी आलो म्हणून? म्हटलं नाय रे, असं का? तर म्हणतो, अब्बा म्हणाले तू रडत व्हतीस, म्हणालीस मला बघवत नाय, मी गाडीतच बसते, म्हणून तू फलाटावर आली नायस. मी डब्याच्या दाराजवळ उभा व्हतो, शेवटपर्यंत बघत व्हतो. हे माझ्या बाजूलाच बसलेले. फोन मोठ्यावर लावलेला. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी टीव्हीकडं बघितलं.

तेव्हाच सांगू शकले असते. पण पोर परमुलखात, पहिली रात्र काय दुसरी, त्याला बापाविषयी काय सांगू? आन् बापाला वाईट ठरवून मला काय मिळणार व्हतं? मी एवढंच म्हटलं, अनीस, तू परत येशील त्या दिवशी मी फलाटावर असेन, रेल्वे यायच्या आधी असेन, लक्षात ठेव. तो हसला, म्हणाला अम्मी दोन वर्षं हायत त्याला. म्हटलं असू देत.

फोन ठेवला आन् यांना सांगितलं, मी आता तुमच्या गाडीत बसणार नाय. आतनं दार उघडेल तेव्हा बसेन. हसले. मला ओळखत नाय ते. कुवेतला बसून बायको कशी ओळखणार. दुसऱ्या दिवशी बाजाराला निघाले, मी पण निघाले, ते गाडीत, मी एसटीच्या थांब्याकडं चालत. ते गाडी हळू करून माझ्या बाजूनं, काच खाली, बस गो. नाय. अगो लोक बघतायत, बस. बघू देत. दगडी गडग्याच्या पलीकडनं लोक बघतायत, पुढं मी, बाजूनं गाडी, वरातीसारखं. थांब्यापर्यंत आले असेच. एसटी आली, मी चढले. एसटीचं दार आतनं पण उघडतं, बाहेरनं पण उघडतं, आन् नसेल उघडत तर कंडक्टर बेल मारतो. एवढी साधी गोष्ट.

मोहल्ल्यात मीच वाईट झाले, हो. एवढा मान देणारा नवरा आन् हिला माज आलाय. सासू असती तर तिनं काय म्हटलं असतं देव जाणे, बरं झालं अल्लानं तिला आधी नेलं. रुकय्या पण म्हणाली, बाय, तुझं चुकतंय, आमच्या नशिबात नाय असलं माणूस. मी तिला पण सांगितलं नाय. घरातली गोष्ट घरात. मग लांज्याला माझ्या भाचीचं लग्न आलं. हे गाडीनं, मी एसटीनं. मी आधी पोचले. हे मांडवासमोर गाडी लावून सवयीनं फिरून डाव्या बाजूला गेले, दाराला हात लावला, आत कोणी नाय. सगळ्या बायका वरनं बघतायत. माझी चुलत बहीण म्हणाली, काय गो जैबुन, दुल्हेभाई तुझं दार उघडायला आले आन् तू इथं? भांडलात काय? एवढा मान देतात ते तुला.

तेव्हा मात्र माझ्याच्यानं राहवलं नाय. बायकांच्या खोलीत एवढी गर्दी, हातावर मेंदी, पोरं रडतायत, त्या सगळ्यांत मी मोठ्यानं बोलले. म्हटलं, मान नाय तो. माझ्या बाजूचं आतलं हँडल तुटलंय. किती वर्षं झाली तुटून. ते बाहेरनं उघडतात कारण मला आतनं उघडता येत नाय. माझं पोर परमुलखात गेलं तेव्हा मी गाडीत कोंडलेली व्हते. मग रुकय्या, ती पण आलेली लग्नाला, ती हसायला लागली. हसत हसत खाली बसली. म्हणाली, अगो, आन् मी माझ्या नवऱ्याचं डोकं खाल्लं रिक्षाचं दार उघड म्हणून. मग सगळ्याच हसल्या. मी पण हसले, डोळ्यांतनं पाणी आलं पण हसले.

बायकांच्या खोलीतनं पुरुषांच्या पंगतीत गोष्ट जायला किती वेळ लागतो? बिर्याणी वाढायच्या आधी पोचली. घरी आल्यावर हाजीसाहेबांनी मला बोलावून घेतलं, चांगलं माणूस हाय, पण म्हणाले, जैबुन, घरातली गोष्ट मांडवात का काढलीस, नवऱ्याची इज्जत तीच बाईची इज्जत. मी म्हटलं, हाजीसाहेब, तुम्ही मशिदीसमोर तारीफ केलीत तेव्हा ती पण घरातलीच गोष्ट व्हती. मग चहा घे म्हणाले. घेतला.

यांना मी परत एकदा म्हटलं, आता तरी बघा. म्हणाले, आता तर मुळीच नाय, आता लोक म्हणतील बायकोनं मांडवात काढलं म्हणून केलं. आन् माझ्या गाडीला हात लावायचा नाय. बरं म्हटलं. खणातला तो तुटका तुकडा घेतला, ओढणीच्या टोकाला बांधला आन् रत्नागिरीला गेले. मोडलेल्या गाड्यांचे पार्ट विकतो एकजण, त्याच्याकडं. तुकडा समोर ठेवला. तो म्हणाला, चाची, गाडी आणा नायतर घरातनं कोणी पुरुष पाठवा. मी म्हटलं, पुरुष घरी हाय, गाडी घरी हाय, हँडल तुझ्याकडं हाय, तां दे. काळं नव्हतं त्याच्याकडं, आमच्या गाडीचं आतलं सगळं काळं हाय. त्या बाजूचं एकच व्हतं, बदामी रंगाचं. म्हणाला, जुळणार नाय, पंधरा दिवसांनी या. मी म्हटलं, रंगानं काय दार उघडतं? दाखव कसं बसवायचं. तिथं एक सुटं दार पडलेलं, त्यावर त्यानं दाखवलं. मग मी म्हटलं आता मला करू दे, आन् त्याच्यासमोर काढून, घालून बघितलं. मग घरी आले.

जुम्म्याचा दिवस निवडला मी. पुरुष सगळे मशिदीत, गाडी त्या दिवशी अंगणात फणसाखाली उभी, आमच्याकडं अंगणातल्या गाडीला कुलूप कोण लावतं. डिसमिस घेतलं हातात. रुकय्या बघायला आली, तिच्या मागनं अजून दोघी-तिघी. दार उघडलं, हँडलच्या जागी एक छोटं टोपण असतं, ते नखानं काढलं. आत काय असेल? एक स्क्रू. ताई, एकच स्क्रू. मी त्याच्याकडं बघतच राहिले. उन्हात बसलेली मी, स्टेशनातली मी, तां सगळं एका स्क्रूवर व्हतं. फिरवला, निघाला. हँडल बसतं ती खोबण पुढं सरकवून बाहेर ओढली. मागं बारीक लोखंडी सळई, टोकाला वाकवलेली, ती नव्या हँडलच्या भोकात अडकवायची. आन् नेमकी तीच माझ्या हातातनं सुटली आन् दाराच्या आत गेली.

रुकय्या म्हणाली, राहू दे बाय, गेलं ते आता, नमाज सुटेल. मशिदीतला आवाज थांबत आलेला, मला ऐकू येत व्हतं. हात आत जात नाय, दिसत काय नाय. मी ओढणीची पिन काढली, वाकवली, डोळे मिटले आन् आत घातली. काजूचा गर काढायची ना, तसंच. घाई केली की तुटतो. सळई लागली, सटकली, परत लागली. हळूहळू वर घेतली, दोन बोटांत धरली, आन् बदामी हँडलच्या भोकात घातली. टक् झालं. खोबण बसवली, स्क्रू पिळला. रुकय्याला म्हटलं, बाजूला हो. आत बसले आन् दार लावून घेतलं.

नमाज सुटली. हे येतायत, बरोबर हाजीसाहेब, रुकय्याचा नवरा, अजून कोण कोण. मी गाडीत बसलेली बघितली तसे थांबले. त्यांना वाटलं असेल, आली, वाकली, बसली गाडीत. चेहरा असा खुलला हो त्यांचा, मला वाईट वाटलं क्षणभर. सगळ्यांच्या समोर फिरून यायला लागले, तसेच, हळूहळू, हात पाठीमागं. मी त्यांना अगदी दाराजवळ येऊ दिलं. त्यांचा हात पुढं आला, आन् मी आतनं हँडल ओढलं. दार उघडलं. मी उतरले. यांचा हात तसाच पुढं. रुकय्याचा नवरा मागनं म्हणाला, सुटलो एकदाचा.

यांनी वाकून दाराच्या आत बघितलं, खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, रंग जुळत नाय. म्हटलं, नाय जुळत.

त्या दिवसापासनं मी परत गाडीत बसते. कुठं जायचं असेल तिथं उतरते. हे कोणाशी बोलत उभे राहिले तर मी बाजार करून येते, आन् ते गाडीपाशी माझी वाट बघत असतात. त्यांना पण आता सवय झालीय.

अनीस मागच्या महिन्यात आला. रेल्वेला उशीर, आम्ही कधीचे जाऊन थांबलो. स्टेशनाच्या बाहेर गाडी थांबते न थांबते तोवर मी दार उघडून खाली. हे म्हणाले, अगो थांब, गाडी लावू दे. थांबते कशाला? फलाटावर पहिली मी. मांडीवर नाय, हातात सोड्यांची पिशवी, तेव्हा द्यायचे राहिले म्हणून परत जाताना न्यायला केलेलेच, पण मी दाखवायला आणले. अनीस उतरला, मला बघितलं, गळ्यात पडला, एवढा मोठा बाप्या झालाय. म्हणाला, अम्मी, तू आलीस. म्हटलं, मी तेव्हा पण आले व्हते. तो बघतच राहिला. तेवढ्यात हे मागनं आले, धापा टाकत, आन् मी काय बोलायच्या आधी यांनीच सांगितलं, खाली बघून. अनीस, त्या दिवशी तुझ्या अम्मीचं दार उघडायचं माझ्याकडनं राहिलं. ती आपणहून बसली नव्हती, मी तुला खोटं सांगितलं.

अनीसनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बॅग उचलली. गाडीत मात्र मागं बसून सारखा पुढं वाकून त्या बदामी हँडलकडं बघत व्हता. घरी आलो, गाडी थांबली, तो पटकन उतरून माझ्या बाजूला आला, बापाकडनं शिकलेलं ना, मी तोवर बाहेर. म्हटलं, बाळा, उद्या लग्न होईल तुझं. बायकोला दार उघडून द्यायचं असेल तर खुशाल दे, तिला बरं वाटेल. पण आधी तिच्या बाजूचं आतलं हँडल ओढून बघ. मान नंतर.

यांना मी माफ केलं का? ते माझं मी बघेन. माणूस वाईट नाय. परवा मुंबईहून काळं हँडल मागवलं त्यांनी, अगदी जुळणारं, कागदात गुंडाळलेलं, माझ्यासमोर ठेवलं, म्हणाले, लावून देतो, बरं दिसेल. मी परत गुंडाळून खणात ठेवलं, तो जुना तुकडा असायचा तिथं. म्हटलं, ह्याला हात लावायचा नाय. बदामी हाय, बदामीच राहू दे. गाडीत जो बसेल त्याची नजर तिथं जाऊ दे, त्यानं विचारू दे.

चला, तुमची गाडी आली वाटतं. सोडे घेऊन जा, आधी भिजवा, मग वांग्यात घाला. अल्ला तुम्हाला सुखरूप पोचवो. आन् बाय, दार लावून घ्यायच्या आधी आतनं एकदा ओढून बघा. बघा, मी उभी हाय इथं.